पेनड्राइव्हवर कॉपी करताना एरर येते आणि मग तो रीड-ओन्ली होतो. फॉरमॅट करू का?

तुम्ही लिहिलंय की उबुंटूवरून (म्हणजे लिनक्सवरून) ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ टाकताना मध्येच एरर येते आणि त्यानंतर ड्राइव्हवर काहीच लिहिता येत नाही. त्यावर जुने फोटो आहेत, त्यांची दुसरी प्रत नाही, आणि दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा.

कृपा करून मारू नका. रीड-ओन्ली जबरदस्तीने काढायच्याही फंदात पडू नका, कारण तुमचे फोटो सध्या त्याच्याचमुळे सुरक्षित आहेत. पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत (फाइलसिस्टम) बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. त्यात फाइलींच्या नावांची यादी एकीकडे आणि कोणती फाइल कुठल्या तुकड्यांत आहे याचा तक्ता दुसरीकडे. रोजकीर्द आणि खतावणी जुळावी तसे हे दोन्ही जुळावे लागतात. लिहिता लिहिता ड्राइव्ह उपसला गेला की एकात नोंद होते, दुसऱ्यात राहून जाते. ही विसंगती दिसली की लिनक्स लिहिणं थांबवतं, म्हणजे चुकीच्या तक्त्याच्या भरवशावर जुन्या फोटोंवर नवा व्हिडिओ लिहिला जात नाही.

आता मूळ कारण शोधू. टर्मिनलमध्ये कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडा (डीमेसेज, dmesg ही कमांड) आणि शेवटच्या ओळी वाचा. फक्त फॅटची तक्रार असेल तर नुकसान हिशेबात आहे आणि ते बहुतेक वेळा दुरुस्त होतं. ‘आय/ओ एरर’ दिसली तर दुखणं चिपमध्ये किंवा जोडणीत आहे. ‘यूएसबी डिसकनेक्ट’ असेल तर आधी पोर्ट बदला, हब किंवा एक्स्टेंशन केबल काढून टाका. बिघडलेल्यांच्या जागी वापरायचे चिपचे राखीव ब्लॉक संपले की काही ड्राइव्हमधले कंट्रोलर (चिप सांभाळणारा भाग) स्वतःच लिहिणं कायमचं बंद करतात. अशा ड्राइव्हवर फॉरमॅटही होत नाही आणि नेहमीच्या सॉफ्टवेअरने ही बंदी उठत नाही. त्यातून वाचता येईल तेवढं वाचून घ्यायचं.

कारण काहीही निघो, पहिलं काम एकच. लॅपटॉपवर ६४ जीबी जागा मोकळी करा आणि जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या ड्राइव्हची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, काढा. ते आधी नीट वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा मागे ठेवतं आणि कुठवर आलं ते मॅप फाइलमध्ये नोंदवतं, त्यामुळे मध्येच थांबलं तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. एफएससीके (fsck, फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवायचं ते या इमेजच्या प्रतीवर, मूळ ड्राइव्हवर नाही. यादीच गेली असेल तर त्याच इमेजवर फोटोरेक हा हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवा. फाइलींची नावं जातात, पण फोटो बरेचसे हाती लागतात.

यापेक्षा घातक मला ती एरर वाटते जी दिसतच नाही. मावसभावाच्या साखरपुड्याचे फोटो मी असेच गमावले. कॉपीची पट्टी १०० टक्क्यांवर गेली, दोनतीन फोटो उघडून पाहिले, ड्राइव्ह काढला. घरी येऊन बघतो तर निम्मे फोटो खालून राखाडी, आणि कॅमेऱ्याचं कार्ड तोवर पुढच्या कार्यक्रमासाठी रिकामं केलेलं. झालं असं की लिनक्स आधी रॅममध्ये लिहून घेतं आणि ‘झालं’ म्हणतं. उपलब्ध मेमरीच्या साधारण २० टक्के एवढा मजकूर असा वाटेत असू शकतो. मी उघडून पाहिलेले फोटोही रॅममधलेच होते! विंडोज १० मध्ये २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून यूएसबीसाठी झटपट काढण्याची सोय मूळचीच चालू असते. तिथे हा धोका कमी, पण पट्टी चालू असताना ओढलं तर व्हायचं ते होतंच.

‘परत कॉपी केलं, या वेळी एरर आली नाही’ यावरही विसंबू नका. २०१८ साली पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या मंडळींना हेच नडलं. एफसिंक (रॅममधला मजकूर खरोखर डिस्कवर लिहायला लावणारी आज्ञा) एकदा फसल्यावर कर्नल रॅममधली ती पानं लिहून झाली असं धरून चालायचं, आणि दुसऱ्यांदा एफसिंक केलं की ‘यशस्वी’ असं उत्तर यायचं. म्हणून त्यांनी पुन्हा प्रयत्न न करता डेटाबेस तिथेच थांबवायचं ठरवलं.

तुमच्यासाठी पडताळणीचा मार्ग असा: कॉपीनंतर ‘इजेक्ट’ करा आणि ते परवानगी देईपर्यंत थांबा, पाच मिनिटं लागली तरी. ड्राइव्ह काढा, पुन्हा लावा, आणि मगच दोन्हीकडच्या फाइलींचे एसएचए२५६ बेरीज-आकडे (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, मजकूर बदलला की तोही बदलतो) ताडून पाहा. काढून-लावून झाल्यावरचं वाचन खरोखर ड्राइव्हवरून होतं.

एखादा व्हिडिओ ४ जीबीपेक्षा मोठा असेल तर तोही बघा. फॅट३२ वर एक फाइल त्याहून मोठी बसतच नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असो. त्यासाठी एक्सफॅट लागेल, म्हणजे फॉरमॅट, पण इमेज हातात आल्यावर. आणि ड्राइव्ह फार स्वस्तात घेतलेला असेल तर त्याच वेळी एफ३ या प्रोग्रामने त्याची खरी क्षमता तपासा. खोट्या क्षमतेचे ड्राइव्ह कुठलीही एरर न देता डेटा गिळतात.

लॉगमधल्या शेवटच्या आठदहा ओळी प्रतिक्रियेत टाका, ड्राइव्हचा सीरियल नंबर तेवढा खोडून. चिप गेलीय की फक्त तक्ता बिघडलाय, हे त्यावरून सांगू शकेन.