मुलीला ‘असलं’ काम करायचंय

प्रश्न : मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तिला बायकांच्या ओटीपोटाच्या दुखण्यावरच काम करायचंय. आतून तपासणी करावी लागते म्हणे. घरात कुणालाच पटत नाही. स्थळं आली की काय सांगायचं? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, स्थळांचं आधी सांगते. ‘फिजिओथेरपिस्ट आहे, बायकांच्या दुखण्यांवर उपचार करते’ एवढं पुरे. स्त्रीरोगतज्ज्ञ मुलीच्या आईला असं कुणी विचारतं का?

आता काम. जांघेपुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय तिनंच तोलून धरलेले असतात. बाळंतपणातले टाके, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार), कधी नुसती भीती, यातून ही झोळी आखडून बसते. मग बसताना, लघवीला, संबंधांच्या वेळी दुखतं. सोनोग्राफी नॉर्मल येते आणि बाईला ऐकावं लागतं, ‘मनाचे खेळ आहेत.’ माझी एक जुनी विद्यार्थिनी हेच काम करते. ती सांगते, बाई खुर्चीच्या कडेवर एका बाजूला भार टाकून टेकली की निम्मं कळतं. उरलेलं कळायला अर्धा तास जातो, कारण तोवर ती ‘कंबर दुखते’ एवढंच म्हणत असते.

मोबाइलवर बघून बायका केगेल, म्हणजे ही झोळी आवळण्याचा व्यायाम, करत सुटतात. 1948 मध्ये डॉ. अर्नॉल्ड केगेल यांनी तो व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी. दिवसभर मूठ आवळून हात दुखायला लागला, तर आणखी आवळ म्हणाल का? इथे श्वास पोटात नेऊन स्नायू सोडायला शिकवावं लागतं. आतली तपासणी हातमोजा घातलेल्या एका बोटानं, बाईच्या संमतीनं होते. ती ‘थांबा’ म्हणाली की थांबायचं. तिला नको असेल, तर बाहेरूनही उपचार सुरू करता येतात.

मास्टर्सची दोन वर्षं आहेत. कॉलेजच्या नावावर जाऊ नका. स्त्रीरोग विभागातून फिजिओकडे पेशंट येतात का, आणि ही तपासणी हाताला धरून शिकवणारी मॅडम तिथे आहे का, हे प्रवेशाआधी तिथल्या मुलींना विचारा. ते नसेल तर पदवी मिळेल, हात बसणार नाही. पैशाचंही खरं सांगते : सुरुवातीची काही वर्षं गुडघे-पाठदुखीचे पेशंटही बघावे लागतील. डॉक्टरांचा विश्वास बसला की तेच पेशंट पाठवू लागतात.

कॉलेज बघायला ती जाईल तेव्हा तुम्हीही सोबत जा, आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायकांशी जरा बोला.