दुपारनंतर पत्ता मिळेना

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या अभ्यासिकेत सकाळच्या मुलांचं वायफाय नीट चालतं. दुपारी येणाऱ्यांच्या लॅपटॉपला मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. राउटर बदलू का?

उत्तर : थांबा, खर्च करू नका! डीएचसीपी सर्व्हरने, म्हणजे नेटवर्कवर येणाऱ्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या प्रोग्रामने, पत्ता दिला नाही की लॅपटॉप असा पत्ता स्वतःच घेतो. सर्व्हर डीबग मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक पायरीची नोंद दाखवत, चालवून नोंदी वाचा. सातपूरच्या एका कारखान्यात मी रात्रभर केबली तपासल्या, आणि नोंदीत ‘डिस्कव्हर’पुढे (यंत्राने पत्त्यासाठी दिलेली पहिली हाक) स्वच्छ लिहिलं होतं : ‘नो फ्री लीजेस’, म्हणजे द्यायला मोकळा पत्ताच नाही. तुमचंही तेच दिसतंय, सकाळच्यांनी पत्ते अडवलेत. लीजची, म्हणजे एकाला दिलेला पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवण्याची, मुदत २४ तासांवरून २ तासांवर आणा. सर्व्हरकडून ‘ऑफर’ (देऊ केलेला पत्ता) जाऊनही लॅपटॉपकडून ‘रिक्वेस्ट’ (तो पत्ता मागणारा निरोप) येत नसेल, तर उत्तर वाटेत अडतंय. फायरवॉलमध्ये (नेटवर्कवरची ये-जा अडवणारी चौकी) यूडीपी ६७ आणि ६८ हे डीएचसीपीचे पोर्ट, म्हणजे निरोपांची दारं, बंद नाहीत ना ते बघा.