जुनं कॉन्सन्ट्रेट तपासायला देताय? आधी नमुना नीट घ्या

अमेरिकेतल्या नेवाडातल्या जुन्या खनिज-मिलचं कॉन्सन्ट्रेटचं (खनिज दळून वेगळ्या केलेल्या जड भुकटीचं) पिंप हाती लागलंय आणि त्यात सोनं किती ते तपासायचंय म्हणता, छान! पण आकडा बहुतेकदा लॅबमध्ये नाही, नमुना घेतानाच चुकतो. पडून राहिलेल्या पिंपात जड कण तळाशी गेलेले असू शकतात. वरचं चमचाभर उचललंत तर फसलात. मास्क लावा, सगळा माल ताडपत्रीवर काढा, कालवा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा. एक-दोन किलो उरेपर्यंत हेच. कंटाळवाणं आहे, पण खरं काम हेच.

मग लॅबकडे:

- फायर अ‍ॅसेच मागा, म्हणजे नमुना भट्टीत वितळवून त्यातलं सोनं वेगळं काढून मोजायची पद्धत. त्यात साधारण ३० ग्रॅमच वितळवतात, म्हणून सोन्याचे कण जाड असतील तर चाळून करायची ‘स्क्रीन’ पद्धत सांगा.
- त्याच मालाच्या दोन पिशव्या वेगवेगळ्या नंबरांनी द्या. आकडे फार लांब गेले तर एकावरही विसंबू नका.
- हातातल्या एक्सआरएफ बंदुकीचं (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्राचं) सोन्याबाबत ऐकू नका. जस्त आणि आर्सेनिक तिला सहज चकवतात.

आणि हो, जुन्या मालात पारा असू शकतो. घरी तापवून बघायचा मोह आवरा, लॅबलाही आधीच कल्पना द्या.