काळा रंग नसलेला मेलानोमा कसा ओळखतात?

प्रश्न : माझ्या पाठीवरची गुलाबी गाठ वाढते आहे. ती काळी नाही, म्हणजे मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) नाही असे मानावे का?

उत्तर : तसे मुळीच मानू नये. काही मेलानोमांत रंगद्रव्य जवळजवळ नसते; ते साध्या जखमेसारखे वाटतात आणि निदान लांबते. अशा वेळी डर्मोस्कोपमधून त्वचा सुमारे १० पट मोठी करून तज्ज्ञ रक्तवाहिन्यांची ठेवण पाहतात. ठिपक्यांसारख्या आणि वेड्यावाकड्या वाहिन्या एकत्र दिसल्या, दुधट-लाल भाग किंवा ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात चमकदार पांढऱ्या रेषा आढळल्या, तर संशय बळावतो. उपकरण जोरात दाबल्यास याच वाहिन्या दिसेनाशा होतात, म्हणून जेल लावून हलक्या हाताने केलेली तपासणीच मला विश्वासार्ह वाटते. निदान मात्र बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा नमुना काढून केलेल्या तपासणीनेच, पक्के होते; वाढत्या गाठीबाबत ती कृपया लांबणीवर टाकू नका.