मेळघाटातल्या कुपोषित मुलांसाठी आमचा पुण्यातला गट दर महिन्याला खाऊ पाठवणार आहे. नेमकं काय पाठवावं?

खाऊ पाठवूच नका, असं एकदम म्हटलं तर राग येईल, म्हणून आधी एका घरचं सांगते. मी धारणी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे.

गेल्या पावसाळ्यात 14 महिन्यांच्या एका मुलीच्या दंडाला पट्टी लावली. 11.2 सेंटिमीटर. 11.5 च्या खाली गेलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. वजन 6 किलो 200 ग्रॅम. घरात धान्य नव्हतं का? होतं की. अंत्योदयचं कार्ड, महिन्याला 35 किलो. आमच्याकडचं टीएचआरचं, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायच्या खाण्याचं, पाकीटही खुंटीला टांगलेलं, अर्धं संपलेलं. मोठ्या भावंडांनीच खाल्लं होतं. त्यांना तरी नको कसं म्हणायचं? आई सकाळी सातला निंदणाला जाते ती दिवस मावळता येते. तोवर बाळ आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती पोर कोऱ्या चहात बिस्किट बुडवून भरवत होती. बिचारी तिच्या परीनं नीटच करत होती.

एवढ्या बाळाचं पोट जेमतेम वाटीभर. दोन वेळच्या भातानं ते भरतं, पण बाळ अंग धरत नाही. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं मऊ खाणं लागतं, वरून चमचाभर तेल घालून. तेलाच्या लहान चमच्यात 45 कॅलरी असतात अन् पोटात जागा अडत नाही. सांगायला सोपं. भरवणार कोण, इथं घोडं अडतं.

तीन वर्षांवरच्यांना अंगणवाडीत गरम जेवण मिळतं, त्याखालच्यांना घरी न्यायचं पाकीट. आणि जास्त जपायला पाहिजेत ती तर हीच लहानगी. त्यात जून ते सप्टेंबर सगळं एकदमच येतं: शेतातली कामं, घरचं संपलेलं धान्य, हगवण, मलेरिया, नाल्याला पूर आला की बंद पडणारा रस्ता.

म्हणून तुमच्या पैशाचं म्हणाल तर पावसाळ्याचे चार महिने एका ढाण्यावर, म्हणजे पाड्यावर, पाळणाघर चालवा. छत्तीसगडात गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगनं ‘फुलवारी’ नावानं हे करून दाखवलंय: तीन वर्षांखालची मुलं, सांभाळायला गावातलीच बाई, दिवसभरात ताजं खाणं. इथं कोरकू बोलणाऱ्या दोन बाया लागतील. त्यांचं मानधन वेळेवर द्या (आमचं कधी येतं ते विचारू नका), आणि डाळ, तेल, अंडी, गूळ-शेंगदाणे धारणीच्या बाजारातूनच घ्या.

आणि हो, दुधाची पावडर अन् बाटल्या तर अजिबात नकोत. एका गटानं आमच्याकडे वाटल्या होत्या. नाल्याच्या पाण्यात धुतलेल्या त्या बाटल्यांनी हगवण लागून तीन लेकरं दवाखान्यात न्यावी लागली. त्या अशा वाटायला 1992 च्या कायद्यानंच बंदी आहे, हे मलाही नंतर कळलं.

त्या मुलीचं विचाराल तर, शेजारच्या म्हातारीला गळ घातली. तिनं रोज दुपारी दोनदा भरवलं. दिवाळीत पट्टी 12.1, पिवळी. आठवड्यानं गेले तर घराला कुलूप. सगळे दर्यापूरकडे कापूस वेचायला गेलेले, आता होळीलाच येतील.