चाळकेवाडीचा सरडा आणि त्याचा डीएनए

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याखालची निळी-काळी-नारिंगी झालर फुलवणारा जो सरडा तुम्ही पाहिलात, तो जुन्या पुस्तकांत सिताना पाँटिसेरियाना आणि नव्या यादीत सरडा सुपर्बा. किती टक्के डीएनए वेगळा निघाला म्हणून नाव बदललं, असं तुम्ही विचारलंय. असा ठरलेला आकडा नसतो. टक्क्यांवर प्रजाती पाडणारे लेख दिसतात, पण मी ते जरा हात राखूनच वाचतो.

दख्खनच्या सरड्याला जेर्डन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८७० मध्येच सिताना डेक्कनेन्सिस असं वेगळं नाव दिलं होतं. पुढे बराच काळ सगळे पाँटिसेरियाना या एकाच नावाखाली गेले. २०१६ मध्ये दीपक वीरप्पन, वरद गिरी, प्रवीण करंथ आणि सहकाऱ्यांनी भारतीय द्वीपकल्पातले नमुने एकत्र अभ्यासले. मोठ्या, रंगीत झालरीचे सरडे डीएनएवरून काढलेल्या वंशाच्या झाडावर एकाच फांदीवर आले आणि त्यांच्यासाठी 'सरडा' हा जवळच्या प्रजातींचा नवा गट, म्हणजे जीनस, केला गेला. चाळकेवाडीचा सुपर्बा त्याच कामातला.

हे झाड मांडतात कसं? मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातलं एनडी२ नावाचं जनुक घेतात, डीएनएच्या साधारण हजारभर अक्षरांचं. सगळ्यांची अक्षरं एकाखाली एक लावली की बराचसा भाग सारखाच दिसतो. फरक जास्त करून तीन अक्षरांच्या प्रत्येक गटातल्या तिसऱ्या अक्षरात सापडतात, कारण तिथे अक्षर बदललं तरी प्रथिन बहुधा तेच राहतं. कुणाकुणात कोणता बदल सामाईक आहे, यावरून नातं ठरतं. मूळ कुठल्या बाजूला हे कळायला बाहेरचा नातेवाईक लागतो. इथे तो ओटोक्रिप्टिस, सरड्यांचाच दुसरा जीनस.

पण एनडी२चं झाड म्हणजे त्या एका जनुकाचा इतिहास. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. पूर्वी कधी दोन प्रजातींत संकर झाला असेल, तर परक्या आईचा वारसा पुढे चालत राहतो आणि झाड चक्क खोटं बोलतं. म्हणून पेशीच्या केंद्रकातली जनुकं ताडून पाहायची, खवले मोजायचे, नर-मादी दोन्ही बघायचे. शिवाय पाँटिसेरियाना हे नाव पुदुच्चेरीच्या सरड्याला बांधलेलं आहे, त्यामुळे तिथल्या नमुन्याशी तुलना केल्याशिवाय नावाचा निकाल लागत नाही.

झालरीवरूनच कळलं असतं की, असंही कुणी म्हणेल. इथे झालरीने दगा दिला नाही, हे खरं. कॅरिबियनमधल्या अ‍ॅनोलिस सरड्यांनी मात्र भल्याभल्यांना चकवलं असतं. क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका, प्वेर्तो रिको या बेटांवर बारीक फांद्यांवर राहणारे आखूड पायांचे, सडपातळ सरडे सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. १९९८ मध्ये लोसोस हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासला तेव्हा ही ठेवण वेगवेगळ्या बेटांवर स्वतंत्रपणे आल्याचं दिसलं.

तुम्हाला दुसऱ्या पठारावर असा सरडा दिसला, तर झालर उघडी असतानाचा बाजूने फोटो काढा, पाठीचे खवले आणि मागच्या पायाची बोटं दिसतील असे आणखी दोन काढा आणि नेमकी जागा टिपून ठेवा. एप्रिल-मे चांगला, नर तेव्हा जोरात असतात. शेपटीचा तुकडा कापायच्या भानगडीत पडू नका. ते काम वन विभागाची परवानगी असलेल्या संशोधकांचं.