जुन्या कॉम्प्युटरवर ३८ हजार घालावेत का?

प्रश्न, थोडक्यात: मिरजेचे एक वाचक लिहितात: "घरात २०१३ सालचा डेस्कटॉप आहे, ५०० जीबीची मूळ हार्ड डिस्क अजून चालते. माझ्याकडे साडेतीनशे सीड्या आणि वडिलांनी घरगुती बैठकींत टेप केलेल्या ८० कॅसेट आहेत. सगळं त्यात भरून घरभर वायफायवर ऐकायचं आहे. दुकानदाराने ४ टीबी (४,००० जीबी) एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, ३१,०००, १६ जीबी रॅम ३,२००, नवा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) १,८०० आणि विंडोजसह मजुरी २,००० असे ३८,००० सांगितले. ४०,००० ची एफडी मोडू की कार्डावर 'नो कॉस्ट' ईएमआय घेऊ? गाण्यांच्या अ‍ॅपचे महिना १५० रुपयेही वाचतील. महिन्याला साधारण ६,००० शिल्लक पडतात."

नमस्कार. एफडी की ईएमआय हा प्रश्न नंतर घेऊ. आधी ३८,००० चा आकडाच तपासायला हवा, कारण मला तो चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला वाटतो.

तुमचं संगीत किती जागा खाईल? एक सीडी साधारण ७०० एमबीची. दर्जा न गमावता आकार आवळणाऱ्या फ्लॅक या फाइल प्रकारात साठवली की ती साधारण निम्म्यावर येते. साडेतीनशे सीड्यांचे १२०-१२५ जीबी झाले. कॅसेट ९० मिनिटांची धरली तर फ्लॅकमध्ये अर्धा जीबी, म्हणजे ८० कॅसेटचे ४० जीबी. सगळं मिळून १६०-१६५ जीबी! ४ टीबी डिस्कचा जेमतेम पंचविसावा हिस्सा भरतो. सीडीच्या दर्जाचं गाणं वाजायला सेकंदाला पाव एमबीही लागत नाही, त्यामुळे महागड्या एसएसडीचा वेग इथे वाया जाणार. एसएसडी घ्यावी, पण ती मशीन झटकन सुरू व्हावी आणि खरखर थांबावी म्हणून. त्याला ५०० जीबीची साधी साटा एसएसडी पुरते. बाजारात दर वरखाली होतायत, तेव्हा त्याच दुकानदाराकडून तिचा लेखी भाव घ्या.

रॅम घेऊ नका. नॅव्हिड्रोम, जेलीफिन असे घरभर गाणी पोचवणारे फुकट म्युझिक सर्व्हर हलक्या लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) ४ जीबी रॅममध्येही आरामात चालतात. विंडोजचे पैसेही देऊ नका. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०१३ च्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. एक मात्र करा, त्या कॉम्प्युटरवरून नेटबँकिंग आजच बंद करा. एसएमपीएस बिघडला नसेल तर त्यालाही हात लावायचं कारण नाही.

आता ज्या खर्चाबद्दल तुम्ही विचारलंच नाही, त्याकडे येतो. जुना डेस्कटॉप नुसता चालू ठेवला तरी ५० वॅटच्या आसपास वीज खातो. चोवीस तास म्हणजे दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. घरात लागणारे हे वरचे युनिट असल्यामुळे ते बिलाच्या तुमच्या सर्वांत महाग टप्प्यात मोजले जातात. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पडले तर महिन्याला ४३० रुपये, वर्षाला पाच हजारांच्या वर. अ‍ॅपचे वर्षाचे वाचणार १,८००. म्हणजे बचतीचं गणित इथेच फसतं. तुमच्या मशीनचा खरा आकडा काढायचा असेल तर फ्रिजसकट घरातलं सगळं बंद करून फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. मीटरवर '३२०० इम्प' (एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो) लिहिलेलं असेल आणि दिवा २२-२३ सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल, तर खप ५० वॅट आहे. अकरा सेकंदांनी लुकलुकला तर दुप्पट.

यावर उपाय फुकटचा आहे. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ठरावीक वेळी मशीन आपोआप सुरू करायची सोय बहुतेक वेळा असते. संध्याकाळी चार तास चालू ठेवलंत तर महिन्याला ६ युनिट, सत्तर-बहात्तर रुपये. चोवीस तासच हवं असेल, तर घरात पडून असलेला एखादा जुना लॅपटॉप या कामाला जास्त शहाणा. स्क्रीन बंद असेल तर तो बरेचदा १०-१५ वॅटवर भागवतो.

तरीही मी 'करू नका' म्हणणार नाही, आणि याचं कारण सीड्या नाहीत. सीड्यांमधलं बरंचसं अ‍ॅपवर सापडेल, वडिलांच्या बैठकी कुठेच सापडणार नाहीत. पण त्या उतरवायला वेळ लागतो. कॅसेट वाजते तेवढा वेळ द्यावाच लागतो, म्हणजे ८० कॅसेटचे १२० तास. डेस्कटॉपच्या मागच्या निळ्या भोकात, लाइन-इनमध्ये, कॅसेट डेकची वायर लावून ऑडॅसिटी या फुकट रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर उतरवता येईल, वेगळं यंत्र नको. मात्र इतके तास घालून ते सगळं एकाच डिस्कवर ठेवणं मला पटत नाही. कोटेशनमध्ये दुसऱ्या प्रतीसाठी एक रुपयाही नाही, आणि माझा खरा आक्षेप तोच आहे. १ टीबीची बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क घ्या, प्रत झाली की काढून कपाटात ठेवा. ऑनलाइन '१६ टीबी, दोन हजार रुपये' दिसलं तर पुढे जा, ती क्षमता खोटी असते.

पैशाचं बोलायचं तर एफडी मोडण्यातला तोटा फार नाही. जितके महिने ठेवली त्या मुदतीचा दर मिळतो आणि वर दंड म्हणून बहुधा अर्धा-एक टक्का कापतात. पण पत्रावरून ती तुमची एकमेव अडीनडीची ठेव दिसते, तिला डिस्कसाठी हात लावू नये. 'नो कॉस्ट'मध्येही बँक व्याज लावते, दुकानदार तेवढी सूट देतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी येतो. ३८,००० वर वर्षभराचं व्याज १५ टक्के धरलं तर हा कर पाचशेच्या घरात, प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीची सवलत हुकते ती निराळीच.

तुमच्या महिन्याच्या सहा हजारांतून टप्प्याटप्प्याने जमतं. या महिन्यात बाहेरची डिस्क घ्या आणि जुन्या हार्ड डिस्कवरचे फोटो, कागदपत्रं आधी तिच्यावर उतरवा. इतकी वर्षं चाललेल्या डिस्कचा भरवसा मी धरणार नाही, डिस्कची तब्येत तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरने 'गुड' दाखवलं तरी. एसएसडी पुढच्या महिन्यात. तोवर कॅसेट लावायला थांबू नका. ज्यांची फीत सुरकुतली आहे किंवा डब्यात बुरशी दिसते त्या आधी बाजूला काढा, आणि बुरशीवाली कॅसेट साफ केल्याशिवाय डेकमध्ये घालू नका, हेड खराब होऊन बाकीच्यांनाही लागण होते.